दुधाच्या बल्क कूलरमधला आर-२२ कमी झाला आहे; आता कोणता गॅस भरावा?

संकलन केंद्र, आर्वी तालुका

सर्वांना नमस्कार. वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातल्या एका गावात आमचे दूध संकलन केंद्र आहे आणि केंद्राचा सचिव म्हणून तेथील एक हजार लिटरच्या बल्क मिल्क कूलरची, म्हणजे दूध थंड करून साठवणाऱ्या यंत्राची, देखभाल माझ्याकडे आहे. यंत्राच्या पाटीवर आर-२२ असे थंडावा देणाऱ्या गॅसचे नाव कोरलेले आहे. मागच्या उन्हाळ्यात थंडावा कमी पडू लागला तेव्हा मेकॅनिकने गॅस भरून दिला, आणि यंदा चैत्र संपण्याच्या आत तीच तक्रार पुन्हा सुरू झाली. पूर्वी संध्याकाळचे दूध ३ तासांच्या आसपास ४ अंशांवर येत असे. आता टँकर दारात उभा राहिला तरी काटा ७-८ अंशांच्या खाली उतरत नाही. दूध परत आले तर तोटा उत्पादकांच्या पेमेंटमधून वळता होतो, त्यामुळे निर्णय फार लांबवता येणार नाही.

अडचण अशी आहे की तीन जाणकारांनी तीन वेगवेगळे सल्ले दिले आहेत. एकाचे म्हणणे आहे की आर-२२ वर बंदी आलेली असून बाजारात मिळतो तो चोरटा माल आहे, तेव्हा यंत्रच बदलावे. दुसऱ्याच्या मते त्याच यंत्रात हायड्रोकार्बन गॅस भरला तर काहीही न बदलता ते चालते, गॅस निम्माच लागतो आणि विजेचे बिलही उतरते. तिसऱ्याने आर-४०७सी सुचवला आहे, परंतु त्यासाठी तेल बदलावे लागेल असे सांगून त्याने मोठा खर्च काढला आहे.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. आर-२२ खरोखरच बंद झाला आहे काय? या यंत्रासाठी योग्य मार्ग कोणता? आणि तिसरी गोष्ट थोडी व्यापक आहे: आधी आर-१२ ओझोनला मारक म्हणून गेला, मग आर-२२ जात आहे, आणि आता त्यांच्या जागी आलेले आर-१३४ए, आर-४१०ए हेही घातक असल्याचे ऐकतो. आज नवीन यंत्र घेतले तर दहा वर्षांनी त्याचाही गॅस बाद ठरणार काय? आमची शेड टिनाची आहे आणि नवतप्यात तिच्या आत उभे राहवत नाही, हेही उत्तर देताना कृपया लक्षात घ्यावे.

गेज मॅनिफोल्ड, अमरावती

सचिव भाऊ, मी फ्रीज, एसी आणि बल्क कूलर दुरुस्तीचे काम करतो. आधी आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जाऊ, कारण तिन्ही सल्लागारांनी ‘कोणता गॅस’ यावर मत दिले, पण ‘गॅस गेला कुठे’ हे कोणीच विचारलेले दिसत नाही. शीतकरणाचे चक्र बंदिस्त असते. गॅस त्यात जळत नाही, झिजत नाही आणि संपतही नाही; कॉम्प्रेसर तोच गॅस वर्षानुवर्षे फिरवत राहतो. वर्षभरात पुन्हा कमी पडला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे, आणि ती गळती तशीच ठेवून आपण कोणताही गॅस भरला तरी पुढच्या वर्षी याच जागी याच प्रश्नासह येणार.

त्याहीआधी एक शक्यता तपासून घ्यावी. गॅस पुरेसा असूनही यंत्र थंड करत नाही, याचे आपल्या भागातले सर्वांत मोठे कारण म्हणजे तुंबलेला कंडेन्सर, म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेरच्या हवेत सोडणारी जाळी. संकलन केंद्राच्या शेजारीच ढेपेची पोती आणि कुटार ठेवलेले असते, हंगामात कापसाचे तंतू उडत असतात, आणि हे सगळे कंडेन्सरच्या पत्र्यांमध्ये जाऊन बसते. त्यात शेड टिनाची असेल आणि पंख्याने बाहेर फेकलेली गरम हवा भिंतीला आपटून परत आत येत असेल, तर ४५ अंशांच्या दिवशी कंडेन्सरला प्रत्यक्षात ५० अंशांची हवा मिळते. गेज लावून कॉम्प्रेसरमध्ये येणाऱ्या आणि त्यातून बाहेर जाणाऱ्या (डिस्चार्ज) अशा दोन्ही बाजूंचे दाब पाहिल्याशिवाय ‘गॅस कमी आहे’ असे म्हणणाऱ्या मेकॅनिकवर विश्वास ठेवू नका. गॅस खरोखर कमी असेल तर दोन्ही दाब पडलेले दिसतात. कंडेन्सर तुंबला असेल तर डिस्चार्जचा दाब चढलेला असतो, आणि अशा यंत्रात आणखी गॅस भरणे म्हणजे कॉम्प्रेसरचे आयुष्य कमी करणे होय.

आता बंदीविषयी. आर-२२ भरणे बेकायदा नाही. ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या मॉन्ट्रियल करारानुसार विकसनशील देशांनी या वर्गातील गॅसांचा वापर २००९ व २०१० च्या सरासरीच्या तुलनेत २०१५ मध्ये १० टक्के, २०२० मध्ये ३५ टक्के आणि २०२५ मध्ये ६७.५ टक्के कमी करायचा होता, आणि २०३० मध्ये तो जवळपास शून्यावर आणायचा आहे. त्यानंतर २०४० पर्यंत जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता अगदी थोडा वाटा राहील. आपल्या देशात नवीन यंत्रे बनवताना हे गॅस वापरणे २०२४ च्या अखेरीस थांबले. म्हणजे आपल्या जुन्या यंत्रासाठी आर-२२ मिळेल, मात्र तो दरवर्षी अधिक दुर्मीळ आणि अधिक महाग होत जाईल. कायदेशीर माल मिळतो म्हणून चोरटा मिळत नाही, असे मात्र नाही. त्याविषयी खाली लिहितो.

दुसऱ्या सल्ल्यासंबंधी मी स्पष्टच सांगतो: आपल्या यंत्रात हायड्रोकार्बन भरू देऊ नका. तो गॅस वाईट आहे म्हणून नव्हे. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, हा थंडावा देण्याच्या बाबतीत आर-२२ च्या अगदी जवळचा आहे, जुन्या खनिज तेलाबरोबर चालतो, वजनाने निम्म्याहून कमी लागतो, आणि विजेच्या बचतीचा दावाही निराधार नाही. प्रश्न एकच आहे की तो पेटतो. हवेत त्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या थोडे वर गेले की ठिणगीची वाट पाहणारे मिश्रण तयार होते, आणि तो हवेपेक्षा जड असल्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत साचतो. जी यंत्रे मुळात आर-२९० साठी बनवली जातात त्यांत गॅसचे प्रमाण मर्यादित ठेवलेले असते, रिले व थर्मोस्टॅट ठिणगी बाहेर जाऊ न देणारे असतात आणि जोडणीच्या जागा कमीत कमी असतात. आपल्या कूलरच्या खालीच काँटॅक्टर (मोटारीचा विजेचा स्विच) आहे, प्रेशर स्विच आहे, शेजारी पाणी तापवण्याचा हीटर असेल, दारात जनरेटर असेल. गळती सिद्ध झालेल्या यंत्रात पेटणारा गॅस घालण्याचा सल्ला मी माझ्या भावाच्या केंद्राला देणार नाही. काही जण तर घरगुती सिलिंडरचाच गॅस भरतात. त्यात प्रोपेन व ब्युटेनचे प्रमाण अनिश्चित असते, वासासाठी घातलेले गंधकाचे संयुग असते आणि ओलावाही असतो, म्हणजे धोका तर आहेच, शिवाय कॉम्प्रेसरचीही हानी आहे.

नकली गॅसचा धोका याहून गंभीर असू शकतो. २०११ साली व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेल्या शीत कंटेनरांच्या कॉम्प्रेसरांचे स्फोट झाले आणि त्यांत कामगार मृत्युमुखी पडले. आर-१३४ए म्हणून भरलेल्या त्या गॅसमध्ये स्वस्त मिथाइल क्लोराइड मिसळलेले होते. त्याची अॅल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हवा लागताच पेट घेणारा पदार्थ तयार झाला होता. म्हणून गॅस ओळखीच्या दुकानातून, सीलबंद सिलिंडरमधून आणि पक्क्या बिलावर घ्यावा. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर तो घेऊच नये.

आर-४०७सी चा पर्याय खोटा नाही. त्याचा दाब आर-२२ च्या जवळपास असतो, त्यामुळे नळ्या व कॉइल बदलावी लागत नाही. परंतु त्याला खनिज तेल चालत नाही, पॉलिएस्टर तेल लागते. बंद डब्याच्या कॉम्प्रेसरला तेल काढण्याचे बूच नसते, म्हणून तो सोडवून, उलटा करून जुने तेल काढावे लागते आणि ही धुलाई पुन्हा पुन्हा करावी लागते. शिवाय तो तीन गॅसांचे मिश्रण असून त्याचे घटक वेगवेगळ्या तापमानाला उकळतात, म्हणून तो द्रवरूपातच भरावा लागतो, आणि गळती झाली तर उरलेल्या मिश्रणाचे प्रमाण बिघडण्याची शक्यता असते. तिसऱ्या मेकॅनिकने खर्च सांगितला तो यासाठी. त्याने लपवले काहीच नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

निवृत्त अधिव्याख्याता, यवतमाळ

वरील उत्तरात व्यवहाराची बाजू नेमकी आली आहे. सचिवांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे हे गॅस सारखे का बदलतात याकडे, मी वळतो. तंत्रनिकेतनात हाच विषय अनेक वर्षे शिकवला असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल सांभाळून घ्यावे.

१९३० च्या आधीच्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड हे वायू वापरले जात, आणि घरात गळती झाली की माणसे दगावत. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न पेटणारा व विषारी नसलेला पर्याय शोधला, तो म्हणजे आर-१२. फ्रिऑन या व्यापारी नावाने तो जगभर गेला. त्याचा मोठा गुण हा की तो कशाशीच अभिक्रिया करत नाही, आणि नेमका हाच गुण पुढे दोष ठरला. हवेत सुटलेला आर-१२ खालच्या थरात कशानेही विघटित होत नाही. शंभरएक वर्षे टिकणारा हा वायू हळूहळू स्थितांबरात, म्हणजे ओझोन असलेल्या वरच्या थरात, पोहोचतो, तेथील तीव्र अतिनील किरणांनी त्याचा रेणू तुटतो आणि त्यातून क्लोरीनचा अणू सुटा होतो. हा अणू ओझोनचा रेणू मोडतो, त्या अभिक्रियेतून पुन्हा मोकळा होतो आणि पुढच्या रेणूकडे वळतो. असे हजारो रेणू मोडेपर्यंत तो कार्यरत राहू शकतो. मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये हे मांडले तेव्हा उद्योगांनी ते मानले नाही. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोन वसंत ऋतूत मोठ्या प्रमाणात घटत असल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि दोनच वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या. मोलिना व रोलंड यांना पॉल क्रुट्झेन यांच्यासह १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. भारत या करारात १९९२ मध्ये सामील झाला.

आता पर्यायांचे तर्कशास्त्र पाहा, आणि त्यासाठी सिलिंडरवरचा क्रमांक वाचता येणे पुरेसे आहे. साध्या गॅसांच्या क्रमांकातील एकंस्थानचा अंक फ्लोरीनचे अणू सांगतो, दहंस्थानच्या अंकातून एक वजा केला की हायड्रोजनचे अणू मिळतात, आणि शतंस्थानच्या अंकात एक मिळवला की कार्बनचे. आर-१२ मध्ये शतंस्थान रिकामे आहे, म्हणजे कार्बन एक; हायड्रोजन शून्य; फ्लोरीन दोन. कार्बनला चार हात असतात, त्यांपैकी दोन उरले, ते क्लोरीनने भरलेले आहेत. आर-२२ मध्ये हायड्रोजन एक, फ्लोरीन दोन, म्हणजे क्लोरीन एकच उरतो. शिवाय त्या हायड्रोजनमुळे हा रेणू खालच्या हवेतच तुटू लागतो आणि सुमारे बारा वर्षांत नाहीसा होतो. म्हणून ओझोनला होणारी त्याची हानी आर-१२ सारख्या जुन्या गॅसांच्या, म्हणजे सीएफसींच्या, मानाने सुमारे विसाव्या हिश्शाएवढी आहे. आर-३२ मध्ये हायड्रोजन दोन, फ्लोरीन दोन, क्लोरीन नाहीच. आर-१३४ए मध्येही नाही. म्हणजे ओझोनपुरता प्रश्न या पिढीत सुटला. चारशे आणि पाचशेच्या घरातले क्रमांक मिश्रणांचे असल्याने हा हिशेब तेथे चालत नाही. सातशेच्या वर असेंद्रिय पदार्थ येतात आणि तेथे सातशे वजा केले की रेणुभार मिळतो: ७१७ म्हणजे अमोनिया, ७४४ म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि ७१८ म्हणजे पाणी. आपल्या वऱ्हाडात वाळ्याच्या ताट्या लावून चालणारा कूलर हा या यादीप्रमाणे आर-७१८ वर चालतो असे म्हणायला हरकत नाही.

क्लोरीन काढून टाकल्यावर दुसरा प्रश्न शिल्लक राहिला. हे गॅस पृथ्वीची उष्णता अडवून ठेवतात आणि त्यांची ही क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या पटीत मोजतात. आर-२२ चा आकडा १८१० आहे. त्याच्या जागी एसीत आलेल्या आर-४१०ए चा २०८८ आणि शीतपेट्यांत आलेल्या आर-४०४ए चा ३९२२, म्हणजे मूळ गॅसपेक्षाही जास्त. आर-१३४ए चा १४३०, आर-३२ चा ६७५, तर प्रोपेन आणि आयसोब्युटेन यांचा जेमतेम ३. त्यामुळे १५ ऑक्टोबर २०१६ रोजी रवांडातील किगाली येथे मॉन्ट्रियल करारातच दुरुस्ती झाली आणि हे क्लोरीनरहित गॅसही कमी करण्याचे ठरले. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. आपल्यासाठी २०२८ मध्ये वापराची कमाल पातळी गोठते, २०३२ मध्ये १० टक्के कपात सुरू होते आणि २०४७ मध्ये ती ८५ टक्क्यांवर जाते.

तेव्हा दहा वर्षांनी आजचा गॅस बाद ठरेल काय, याचे उत्तर कोणता गॅस यावर आहे. आर-४०४ए घेतला तर त्याची पिछेहाट निश्चित आहे. आर-३२ चा मार्ग बराच लांब दिसतो, तरी तोही कायमचा नाही. प्रोपेन, आयसोब्युटेन, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांना ओझोन किंवा तापमान यापैकी कोणत्याही कारणाने हटवण्याचे प्रयोजन उरत नाही. त्यांच्या अडचणी आग, विषारीपणा आणि दाब या आहेत. पेटणारा नको, विषारी नको, ओझोनला मारक नको, तापमान वाढवणारा नको, शिवाय स्वस्त हवा, असा सर्वगुणसंपन्न वायू अजून कोणाला सापडलेला नाही.

संत्रा बागायतदार, वरुड

सर, आपली माहिती उपयुक्त आहे, परंतु यामागचा व्यापार आपण सोडून दिलात. जुन्या गॅसचे पेटंट संपले की तो पर्यावरणाला घातक असल्याचा शोध लागतो आणि त्याच कंपन्यांचा नवा, महाग गॅस तयारच असतो. आता मोटारींच्या एसीसाठी आलेला १२३४वायएफ हा त्याचाच नमुना आहे. ओझोनचे छिद्र अंटार्क्टिकावर, कारखाने परदेशात, आणि गॅसचा वाढीव दर मात्र आमच्या दुधातून आणि संत्र्यातून वसूल होणार. आमच्या गावात सगळे मिळून जेवढा गॅस गळत असेल त्याने जगाचे काय बिघडणार आहे?

निवृत्त अधिव्याख्याता, यवतमाळ

आपल्या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. १९७४ नंतर सर्वाधिक विरोध उत्पादकांनी केला आणि पर्यायी गॅसांची बाजारपेठ दिसू लागल्यावर त्यांतील सर्वांत मोठ्या कंपनीने, ड्यूपाँटने, १९८८ मध्ये सीएफसी थांबवण्याची घोषणा केली. १२३४वायएफ पेटंटच्या जोरावर महाग राहिला हेही खरे आहे. तो हवेत काही दिवसांतच तुटतो, मात्र त्यातून ट्रायफ्लोरोअॅसेटिक आम्ल तयार होते. ते पावसाबरोबर पाण्यात उतरते आणि सहजी नष्ट होत नाही, म्हणून त्याच्याकडेही आता शास्त्रज्ञ सावधपणे पाहत आहेत.

परंतु यावरून मूळ शोध खोटा ठरत नाही. ओझोनची घट उद्योगांनी नव्हे, तर अंटार्क्टिकावरील केंद्रात वर्षानुवर्षे तेच मोजमाप करणाऱ्यांनी दाखवली. दुसरे असे की पेटंटचा आरोप प्रोपेनला लावता येत नाही. १९९३ मध्ये जर्मनीत आयसोब्युटेन व प्रोपेनवर चालणारा घरगुती फ्रीज बाजारात आला तो ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या पुढाकाराने, आणि त्याचे तंत्र सर्वांना खुले ठेवण्यात आले. आज आपल्या घरात नवीन फ्रीज आला असेल तर त्याच्या मागे बहुधा आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, असे लिहिलेले असेल. भारतात प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी २०१२ मध्ये विक्रीस आले.

गावातल्या गळतीविषयी हिशेब मांडू. १ किलो आर-२२ हवेत गेला तर १८१० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. हा आकडा एका गावापुरता किरकोळ वाटेल, परंतु देशात खपणाऱ्या गॅसचा मोठा भाग नवीन यंत्रांत न जाता दुरुस्तीत जातो, आणि ती दुरुस्ती अशाच लाखो किरकोळ गळत्यांची असते. करार पाळल्याचा परिणामही दिसू लागला आहे: जागतिक हवामान संघटनेच्या २०२२ च्या मूल्यमापनानुसार सध्याची धोरणे टिकली तर अंटार्क्टिका वगळता बहुतेक जगावरील ओझोन २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावरील २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल.

शीतगृह चालक, नागपूर जिल्हा

अमोनियाचा उल्लेख आला म्हणून थोडेसे लिहितो. वरुडचे भाऊ ज्या शीतगृहात संत्री ठेवत असतील ते बहुधा अमोनियावरच चालत असेल. एक किलो अमोनिया उकळताना आर-२२ च्या सुमारे पाच-सहा पट उष्णता ओढून घेतो, तो स्वस्त आहे, आणि ओझोनशी व हवामानाशी त्याचे वैर नाही. पण तो तांब्याला खातो, म्हणून सगळ्या नळ्या पोलादी लागतात, आणि नाकाला झोंबणारा असला तरी मोठी गळती झाली तर जीवघेणा आहे. म्हणून आमच्याकडे मुखवटे, पाण्याचे फवारे आणि प्रशिक्षित माणूस ठेवावा लागतो. हजार लिटरच्या कूलरला हे सगळे परवडणारे नाही. सचिवांनी हा पर्याय विचारातच घेऊ नये.

एक गोष्ट मात्र या चर्चेत अद्याप कोणी नीट मांडलेली नाही आणि विदर्भात ती निर्णायक आहे: बाहेरचे तापमान. प्रत्येक गॅसचे एक सीमा तापमान असते, ज्याच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही, आणि कंडेन्सरचे तापमान त्या सीमेच्या जवळ जाऊ लागले की थंडावा देण्याची क्षमता झपाट्याने उतरते. आर-२२ ची सीमा ९६ अंशांची आहे, प्रोपेनची त्याहून किंचित जास्त. आर-३२ ची ७८, तर आर-४१०ए आणि आर-४०४ए यांची सुमारे ७२. मे महिन्यात बाहेर ४६ अंश असताना कंडेन्सर ६० च्या पुढे जातो, म्हणजे आर-४०४ए ला जेमतेम दहा-बारा अंशांचा अवकाश उरतो. दाबाचेही तसेच: ६० अंशांवर आर-२२ चा दाब सुमारे ३४० पीएसआय (दाबाचे एकक) असतो, तर आर-४१०ए चा ५४०. पुण्यात उत्तम चालणारे यंत्र चंद्रपुरात दुपारी सारखे ट्रिप होते, त्यामागे अनेकदा एवढेच कारण असते. पंख्याची हवा, कंडेन्सरचा आकार आणि सावली यांना आपल्याकडे गॅसच्या नावाइतकेच महत्त्व आहे.

शीतसाखळी, गडचिरोली

मी आरोग्य विभागात लसींच्या शीतसाखळीचे काम पाहतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील आयएलआर, म्हणजे बर्फाचे अस्तर असलेल्या लसपेट्या, २ ते ८ अंशांच्या दरम्यान राहाव्या लागतात आणि चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी त्यांनी काम भागवावे अशी अपेक्षा असते. या पेट्यांत आधी आर-१२ होता, मग आर-१३४ए आला, आणि नवीन पेट्या आयसोब्युटेनच्या येत आहेत. तिन्ही पिढ्या एकाच तालुक्यात नांदत असल्यामुळे आमचा पहिला नियम असा आहे की पाटी वाचल्याशिवाय सिलिंडरला हात लावायचा नाही. आयसोब्युटेनच्या पेटीवर ज्वालेचे पिवळे त्रिकोणी चिन्ह असते; तेथे नळी टॉर्चने न तोडता कटरने कापायची, दारे-खिडक्या उघडी ठेवायची, आणि गॅस पूर्ण बाहेर गेल्याची व नायट्रोजन फिरवल्याची खात्री होईपर्यंत ज्योत पेटवायची नाही. सचिवांच्या गावात फ्रीज दुरुस्त करणारा मेकॅनिक तोच असेल, तर त्याला हे माहीत आहे काय याची चौकशी जरूर करावी.

संकलन केंद्र, आर्वी तालुका

आपणा सर्वांचे मनापासून आभार. गेज मॅनिफोल्ड भाऊंच्या सूचनेनुसार आधी कंडेन्सर पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन घेतला. त्यातून निघालेला कुटाराचा आणि कापसाचा थर पाहून आम्हालाच लाज वाटली. त्यानंतर फरक पडला, पण पूर्ण नाही. एका मेकॅनिकने गेज लावले तेव्हा दोन्ही दाब कमी निघाले, आणि कॉम्प्रेसरजवळच्या एका फ्लेअर नटाभोवती (नळीचा जोड आवळणाऱ्या नटाभोवती) तेलाचा डाग दिसला. साबणाचा फेस लावल्यावर तेथेच बुडबुडे आले. संचालक मंडळाने दुरुस्ती करून आर-२२ च भरायचे आणि दोन-तीन वर्षांत नवीन यंत्राची तरतूद करायची असे ठरवले आहे. दुरुस्तीच्या वेळी मी समोर उभा राहीन. मेकॅनिकने काय काय करताना दिसले पाहिजे, आणि नवीन यंत्र घेताना विक्रेत्याला काय विचारावे, एवढे सांगितले तर बरे होईल.

गेज मॅनिफोल्ड, अमरावती

तेलाचा डाग सापडला हे उत्तम झाले, कारण गॅसबरोबर थोडे तेलही बाहेर पडत असते आणि त्या डागासारखा पुरावा दुसरा नाही. मात्र एक गळती सापडली म्हणून शोध थांबवू नये.

मेकॅनिकने यंत्रात उरलेला गॅस हवेत न सोडता रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यावा; ते मशीन त्याच्याकडे नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी कोणाकडे आहे ते पाहावे, कारण तो गॅस स्वच्छ असेल तर तुमच्याच यंत्रात परत जाऊ शकतो आणि तेवढी खरेदी वाचते. नंतर फ्लेअर नव्याने करून किंवा शक्य असल्यास तो जोड ब्रेझिंगने (धातू वितळवून) पक्का करून, कोरड्या नायट्रोजनने दाब द्यावा आणि रात्रभर तो टिकतो का ते पाहावे. तापमानाने दाबात थोडा फरक पडतो, तेवढा सोडून द्यावा. दाब देण्यासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर कोणी आणला तर काम तेथेच थांबवा, कारण तेलाशी संपर्क आला की स्फोट होतो. दाब टिकला की फिल्टर ड्रायर (ओलावा शोषणारी गाळणी) नवा बसवून व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनपर्यंत (हे निर्वाताचे माप) निर्वात करावे. यंत्राच्याच कॉम्प्रेसरने हवा ओढून ‘व्हॅक्यूम झाले’ म्हणणारे बरेच आहेत. ते मान्य करू नका. शेवटी गॅस अंदाजाने न भरता, पाटीवर लिहिलेल्या वजनाप्रमाणे काट्यावर तोलून भरावा आणि तो आकडा, तारीख आणि दोन्ही दाब केंद्राच्या नोंदवहीत लिहून घ्यावेत. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तक्रार आली तर त्या नोंदीवरून अर्धे निदान होईल.

नवीन यंत्रासाठी विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. गॅस कोणता आणि किती वजनाचा. दूध ३५ वरून ४ अंशांवर आणण्याची क्षमता बाहेरच्या किती तापमानाला मोजलेली आहे. ३२ अंशांचा आकडा आपल्या उपयोगाचा नाही. आणि त्या गॅसवर काम करणारा प्रशिक्षित माणूस आर्वीत किंवा वर्ध्यात उपलब्ध आहे काय. आर-४०४ए चे यंत्र कोणी स्वस्तात देऊ केले तर वरच्या दोन्ही कारणांसाठी, म्हणजे आपल्या उन्हासाठी आणि येणाऱ्या कपातीसाठी, ते टाळावे. मूळ आर-२९० साठीच बनवलेले यंत्र मिळाले तर त्याला घाबरण्याचे कारण नाही. ते कोठे बसवायचे, हवा कशी खेळती ठेवायची आणि विजेचा बोर्ड किती उंचीवर व किती दूर असावा हे मात्र उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच करावे. तोपर्यंत टिनावर कडब्याचे किंवा हिरव्या जाळीचे छप्पर टाका आणि कंडेन्सरची गरम हवा शेडच्या बाहेर निघेल अशी पत्र्याची वाट करून घ्या. हे काम नवतपा लागण्याच्या आत उरकले तर यंदाचा मे महिना याच यंत्रावर निघेल.